भाव नको, शहाणपण मागा

पहाडगंजात सकाळ अशी वेगळी उगवत नाही, कारण रात्रच नीट झालेली नसते. नवी दिल्ली स्टेशन हाकेच्या अंतरावर. पहाटेच्या गाडीनं उतरलेले प्रवासी बॅगा ओढत मेन बाजारात शिरतात, रिक्षावाले हॉटेलांची नावं ओरडत असतात आणि कुणाच्या तरी गच्चीवर पाण्याची मोटर घरघरू लागते. या सगळ्या गोंगाटात आमच्या सासूबाई साडेपाचला उठायच्या. चहाचं आधण ठेवण्याआधी खिडकीपाशी बसून मांडीवर जुनं मराठी पवित्र शास्त्र उघडायच्या. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, ही म्हातारपणाची सवय असेल. पुढं कळलं, की त्या विशीत या घरात आल्या त्या दिवसापासूनचा हा नेम आहे. ‘‘आधी त्याच्याशी बोलायचं, मग दूधवाल्याशी,’’ असं त्या हसून म्हणायच्या.

मराठी माणसाला पहाडगंज परका नाही. नूतन मराठी शाळा इथलीच, बृहन्महाराष्ट्र भवनही इथलंच. माझे सासरे नगर जिल्ह्यातून दिल्लीला आले ते सरकारी छापखान्यातल्या नोकरीसाठी. काटकसर करून त्यांनी गल्लीत दोन मजली लहानसं घर घेतलं. घरात मराठी शास्त्र आणि ‘उपासना संगीत’, रविवारी मंदिर मार्गावरच्या सेंट थॉमस चर्चमध्ये हिंदी उपासना, नाताळला करंज्या आणि शेजारच्या पंजाबी काकूंकडून आलेली पिन्नी, असा आमचा संसार.

रायसीना टेकडीच्या शेजारची वस्ती म्हणून हा पहाडगंज. मुघलांच्या काळात इथं धान्याचा मोठा बाजार भरायचा. फाळणीनंतर निर्वासित आले, १९७० च्या सुमारास परदेशी भटके येऊ लागले आणि मग एकेका घराचं लॉज होत गेलं. आमच्या गल्लीतही डावीकडचं घर गेलं, उजवीकडचं गेलं आणि मध्ये आम्ही राहिलो. सासरे वारल्यानंतर दोन वर्षांनी शेजारच्या हॉटेलवाल्यानं निरोप धाडला, घर विकता का?

त्यानं सांगितलेला आकडा ऐकून आमच्या घराची झोप उडाली. धाकटे भाऊजी मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीचा हिशेब मांडू लागले. आमचे ‘हे’ द्वारकेतल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटची माहितीपत्रकं घेऊन आले. मीही मनातल्या मनात स्वयंपाकघराला मोठी खिडकी लावून घेतली. आम्ही देवाधर्माची माणसं, त्यामुळे प्रार्थनाही सुरू झाली. रोज रात्रीच्या कौटुंबिक उपासनेत कुणी ना कुणी म्हणायचं, ‘‘प्रभू, हा व्यवहार सुरळीत होऊ दे. त्याला आणखी थोडा भाव वाढवायची बुद्धी दे.’’

चार-पाच दिवस आईंनी ऐकून घेतलं. एका रात्री ‘आमेन’ म्हणून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘अरे, तुम्ही हॉटेलवाल्याला बुद्धी द्यायला सांगताय. स्वतःसाठी कधी मागणार? भाव नको, शहाणपण मागा.’’

आम्ही हसलो. पण आई हसल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी शास्त्रपाठाला शलमोनाची गोष्ट काढली.

ही गोष्ट आमच्याकडे रविवारच्या शाळेतल्या लहान पोरालाही पाठ असते. दाविदाचा मुलगा शलमोन नुकताच राजा झालेला. गिबोन इथं रात्री स्वप्नात देव त्याला विचारतो, तुला काय देऊ? तरुण राजानं काय मागावं? दीर्घायुष्य, खजिना, शत्रूंचा नाश! पण तो म्हणतो, मी अजून लहान आहे, कारभार कसा करावा हे मला उमगत नाही. तुझ्या लोकांचा न्याय करता येईल, बरंवाईट ओळखता येईल, असं मन मला दे. मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ ‘ऐकणारं हृदय’ असा होतो. मला हा अर्थ फार आवडतो. आपण शहाणपण म्हणजे बोलणारं डोकं समजतो. शलमोनानं मागितलं ते ऐकणारं हृदय.

आणि त्या हृदयानं सर्वांत आधी कुणाचं ऐकलं? कुणा सेनापतीचं किंवा सावकाराचं नव्हे. त्या प्रार्थनेनंतर लगेच शास्त्रात जो खटला येतो, तो एकाच घरात राहणाऱ्या दोन वेश्यांचा आहे. एका बाळावर दोघी हक्क सांगतात. ज्यांना समाजात कुणी दारात उभं करत नव्हतं, त्या बायका थेट राजापुढं आल्या आणि त्यानं त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. देवानं दिलेलं शहाणपण पहिल्यांदा वापरलं गेलं ते असं. गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती, पण हे मात्र त्या रात्रीपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ध्यानात येण्याचं कारण माझ्या कपाटात होतं.

आमच्या ह्यांना एक बहीण आहे. दोन्ही भावांहून मोठी, म्हणून सगळ्यांची ताई. नागपूरला शाळेत शिकवते. नवरा अकाली गेला, पदरी एक मुलगी. ताईनं या घराबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. तिचं लग्न थाटात झालं, तेव्हा तिचा वाटा तिला मिळालाच, असं आम्ही सगळ्यांनी न बोलता धरून चाललो होतो. कुणीतरी सल्ला दिला, की पुढं कटकट नको म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घ्या. घरात अक्षर माझं चांगलं, म्हणून ताईला पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. ‘घरची नेहमीची कागदपत्रं आहेत, सही करून पाठव,’ असं मी लिहिलं होतं. किंमत लिहिली नव्हती. पाकीट बंद करून कपाटात ठेवलं होतं, सोमवारी टाकायचं म्हणून.

त्या रात्री शास्त्रपाठ झाल्यावर आई मला म्हणाल्या, ‘‘सूनबाई, आज तू प्रार्थना कर. घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन कर.’’

मी डोळे मिटले. आईंचं नाव घेतलं, ह्यांचं घेतलं, भाऊजी, जाऊबाई, मुलं, सगळी नावं झाली. आता ताईचं नाव. माझा आवाज अडला. ज्या बाईला मी अर्धवट सांगून सही मागणार होते, तिच्यासाठी देवाकडे काय मागू? तिचं भलं कर म्हणू? खोलीत सगळे वाट पाहत होते. शेवटी कसंबसं नाव घेतलं आणि ‘आमेन’ म्हणून उठले. आईंना पत्राचं ठाऊक होतं की नाही, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शहाणपणाची प्रार्थना केली, की आकाशवाणी होते अशी माझी कल्पना होती. तसं काही झालं नाही. फक्त एक नाव तोंडातून निघेना, एवढंच झालं. आज मला वाटतं, तेच उत्तर होतं.

रात्री मी ह्यांना पाकीट दाखवलं आणि म्हटलं, ‘‘हे मी टाकणार नाही.’’ मग घरात जे व्हायचं ते झालं. भाऊजी चिडले. ‘‘वहिनी, प्रार्थना वेगळी आणि व्यवहार वेगळा,’’ असं म्हणाले. त्यांची बाजू अगदी खोटी नव्हती. वडिलांच्या आजारपणात रात्रीची जागरणं त्यांनी केली होती, घराची दुरुस्ती आमच्या पगारातून झाली होती आणि ताई दूर होती. तीन दिवस एका छपराखाली आम्ही एकमेकांशी मोजकं बोललो.

शेवटी दोघे भाऊ एका वकिलांकडे गेले. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं ते आम्हाला आयुष्यभर ठाऊक नव्हतं. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर एक तृतीयांश वाटा त्याच्या पत्नीचा आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी असा भेद न करता, सारखे. लग्न झालेली मुलगीही त्यात आलीच. म्हणजे आमच्या घराचे नऊ वाटे केले, तर तीन आईंचे आणि दोन-दोन तिन्ही भावंडांचे. केरळातल्या त्रावणकोर भागातल्या ख्रिस्ती मुलींना हा हक्क मिळवण्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. निकाल १९८६ साली लागला. आमच्या ताईला तो पहिल्यापासून होता. फक्त तिच्या घरच्यांनी तिला तो सांगितला नव्हता.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशू काय खावं, काय ल्यावं याची चिंता करणाऱ्यांना सांगतात, की आधी देवाचं राज्य आणि त्याचं नीतिमत्त्व मिळवायला झटा, बाकीचं तुम्हाला त्याबरोबर मिळेल. हे वचन आमच्या घरात भिंतीवर फ्रेम करून लावलेलं होतं. त्यातला ‘आधी’ आम्ही बरोबर उचलला. उपासना आधी, जेवण नंतर. दशांश आधी, किराणा नंतर. पण त्यातला ‘नीतिमत्त्व’ हा शब्द आम्ही वाचून पुढं जात होतो. देवाला आधी बसवायचं म्हणजे नुसतं दिवसाच्या वेळापत्रकात वरच्या ओळीत बसवायचं नाही. ज्याचं जे आहे ते त्याला आधी द्यायचं. ते दिल्याशिवाय म्हटलेली प्रार्थना घशात अडकते. माझी अडकली तशी.

देवाला पहिलं स्थान देणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणंही नव्हे. आपल्या पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला नेलं. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी मदतीचं वचन दिलं होतं ते दहा वर्षांपुरतं. ती मुदत संपल्यावर काय, याची प्रार्थना त्यांनी केली आणि त्याच वेळी केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली, विहिरी खणल्या. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा संस्थेची स्वतःचीच घडी नीट बसलेली नव्हती. हिशेबी माणूस म्हणाला असता, यंदा नको. पण लहानपणी दुष्काळात भटकताना आईवडील गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेनं मरायला टेकलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा फळबागेसाठी घेतलेली केडगावची तीच जमीन आसऱ्याला आली. तिथं ‘मुक्ती’ उभी राहिली. मुलींना विणकाम, छपाई, तेलघाणी अशी कामं शिकवली गेली. उतारवयात रमाबाई ग्रीक आणि हिब्रू शिकून सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर ते काम त्यांनी सोडलं नाही. गुडघे टेकणं आणि विहीर खणणं ही दोन्ही कामं त्यांच्या लेखी एकाच प्रार्थनेची होती.

पण एक सावधगिरीची गोष्टही सांगायला हवी, कारण ‘देव आधी’ या शब्दांचा घरात दुरुपयोग होऊ शकतो. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा सोबत नव्हत्या. पुढच्या काळात त्या बाईनं जे सोसलं, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे. गंमत अशी, की त्या सगळं हसत सांगतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. टिळकांच्या श्रद्धेबद्दल कुणी शंका घेणार नाही. पण ज्याच्या मनात देव पहिला येतो, त्याच्या घरच्यांना त्याची किंमत न विचारता मोजावी लागते, हेही तितकंच खरं. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो कुणाच्या धाकानं नव्हे, स्वतःच्या मनानं, जातिभेदाचा विचार करता करता. म्हणून मला वाटतं, घरात कुणी ‘देवानं मला असं सांगितलं’ म्हणालं, तर नम्रपणे विचारावं, त्याची झळ कुणाला लागणार आहे आणि त्याला विचारलंत का?

याकोबाच्या पत्राच्या सुरुवातीला सांगितलंय, की ज्याला शहाणपण कमी पडतं त्यानं देवाकडे मागावं. तो हात आखडत नाही आणि ‘तुला एवढंही कळत नाही का?’ असं हिणवतही नाही. पुढं तिसऱ्या अध्यायात त्याच पत्रात वरून येणारं शहाणपण ओळखायची खूणही दिली आहे. ते शांत असतं, समजूत घेणारं असतं, दयेनं भरलेलं असतं आणि पक्षपात करत नाही. प्रार्थनेतून मला जे ‘सुचलं’ ते देवाकडचं की माझ्याच लोभाचं, हे ताडून पाहायला इतकी सोपी कसोटी दुसरी नाही. माझ्या ‘सुचलेल्या’ पत्रात पक्षपात होता आणि तो सुंदर अक्षरात लिहिलेला होता.

तुमच्याही घरात एखादा मोठा निर्णय अडला असेल. मुलीचं स्थळ, परगावची नोकरी, म्हाताऱ्या वडिलांना कुणी ठेवायचं, जमिनीची वाटणी. तुमचा देव कुठल्याही नावाचा असो, आईंकडून मी शिकले ते सांगते. मागणी देवापुढं ठेवण्याआधी ती स्वतःला मोठ्यानं ऐकवून पाहावी. पुष्कळदा तिथंच लाज वाटते. मग या खोलीत कोण नाही, हे पाहावं. जो हजर नाही, त्याचं नाव घेऊन प्रार्थना करावी. ज्याला या व्यवहारात काहीच मिळायचं नाही, अशा एखाद्या शहाण्या माणसाला विचारावं. शलमोनाचा मुलगा रहबाम हेच विसरला. लोक म्हणाले, बापानं लादलेलं ओझं थोडं हलकं कर. वडीलधाऱ्यांनीही तोच सल्ला दिला. पण त्याला बरोबरीच्या तरुणांचा गोड वाटणारा सल्ला रुचला आणि बारांपैकी दहा वंशांचं राज्य हातचं गेलं. खुद्द शलमोनाचंही उतारवयात मन फिरलंच. एकदा मिळालेलं शहाणपण जन्मभर पुरत नाही. ते दळणासारखं असतं, रोज ताजं लागतं.

आमच्या घराचं पुढं काय झालं? घर विकलं. कागदावर नऊ वाटे झाले. तीन खोल्यांचा फ्लॅट गेला आणि दोन खोल्यांचा आला. स्वयंपाकघराला खिडकी आहे, पण लहान. भाऊजींना मुलाच्या फीसाठी कर्ज काढावं लागलं आणि ते सहा-सात महिने आमच्याकडे आले नाहीत. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. देवाला आधी ठेवलं, की बाकीचं मिळतं हे खरं, पण ते आपण माहितीपत्रकात पाहिलं होतं तेच मिळेल, असं कुठंही म्हटलेलं नाही.

ताईला मी दुसरं पत्र लिहिलं. त्यात किंमत लिहिली, कायदा लिहिला आणि पहिल्या पत्राबद्दलही लिहिलं. ते लिहिताना अक्षर चांगलं आलं नाही. आठ दिवसांनी तिचा फोन आला. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘‘वहिनी, बाबांनी मला घरातली मानलं होतं की पाहुणी, हे मला इतकी वर्षं कळत नव्हतं गं.’’ पैशांबद्दल ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही.

त्या नाताळला ती मुलीला घेऊन आली. भाऊजीही आले, उशिरा आणि जरा गप्प गप्प, पण आले. दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसं दाटीवाटीनं बसलो. रात्री उपासनेला आई म्हणाल्या, ‘‘सूनबाई, तू कर प्रार्थना. सगळ्यांची नावं घेऊन.’’

मी डोळे मिटले आणि पहिलं नाव ताईचं घेतलं.